फुलपाखराच्या रंगाचं लुगडं

संकेश्वरच्या बाजारात रंगाची पुडकी बघत उभा होतो. वडगावचा एक ओळखीचा माणूस जवळ येऊन म्हणाला, "मामा, शिवाप्पा गेलं वो. काल दुपारी." मी घरी पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. महिना होत आला, पण त्याच्यावर चार ओळी लिहायला बसलो की आधी माझाच राग येतो...

शिवाप्पा वडगावचा विणकर, मी शहापूरचा रंगारी. विशीत आम्ही दोघं रंगाच्या कामाला लागणारा हिरडा आणायला खानापूरच्या पलीकडच्या रानात गेलतो. ओढ्याकाठी ओल्या वाळूवर एक मोठं फुलपाखरू बसलेलं. पंख मिटले की काळं, उघडले की हिरवं, आणि मान जरा कलती केली की निळं! शिवाप्पा उकिडवा बसला तो उठेचना. हाका मारून माझा घसा बसला. पुढं वाटेत तसलंच एक मेलेलं सापडलं. रंगाऱ्याचा हात गप्प कसा बसेल? मी पंख चोळून बघितला, तर बोटाला नुसती काळपट भुकटी.

"रंगच न्हाय रं ह्यात," मी म्हणालो.

"मग हे रंगवलेलं न्हाय, विणलेलं हाय," तो म्हणाला. मी लई हसलो.

पुढं त्याच्या लेकीचं, रुक्मीचं, लग्न ठरलं आणि गड्यानं तसलं लुगडं विणायचं मनावर घेतलं. उभं रेशीम काळपट निळं, आडवं हिरवं. असलं धूपछाव, उजेडात रंग पालटणारं कापड आमच्याकडं नवं नव्हतं, पण त्याला ते रानातलंच हवं होतं. हिरव्या लडी त्यानं कितीदा परत पाठवल्या! मी शिव्या घालत पुन्हा कढई चढवायचो. लुगडं मात्र मागावर बघू दिलं नाही. लग्नातच बघ म्हणाला.

मांडवात, डहाळ्यांच्या दाट सावलीत, घडी उलगडली. नवऱ्या मुलाची आत्या ओरडली, "अगं बाई, लग्नात काळं?" कुणीतरी म्हणालं, विठू रंगारी हितंच हाय, त्यालाच विचारा. सगळे माझ्याकडं वळले. सावलीत मलाही ते काळंच दिसत होतं. जाणता म्हणून विचारतायत, तर जाणत्यासारखं बोलावं म्हणून मी ठणकावून सांगितलं, "काळंच हाय हे. दुसरं नेसवा."

शिवाप्पानं माझ्याकडं एकदा बघितलं आणि घडी घातली. रुक्मी बाजारातल्या पिवळ्या लुगड्यात बोहल्यावर चढली. त्यानंतर तो विषय त्यानं काढला नाही, मीही काढला नाही. चहा, तंबाखू, लडी, सगळं पूर्वीसारखं चालू राहिलं.

गेल्या आठवड्यात त्याच्या घरी गेलो. रुक्मी माहेरी आलेली. कसर लागू नये म्हणून पेटीतलं ते लुगडं तिनं अंगणात उन्हाला घातलं होतं. वाऱ्यानं पदर हलला... हिरवा. मी दोन पावलं सरकलो, तर निळा! मी पदर हातात धरून उन्हात फिरवून बघितला.

"रुक्मे, हे आप्पाला ठाऊक होतं?"

"व्हय की. मीच म्हटलंतं तवा, चार पावलं उन्हात न्या. तर माझ्यावरच डाफरले."

"काय म्हणाला?"

तिनं पदर सारखा केला.

"म्हणाले, गप बस. विठू चारचौघांत काळं म्हणून बसलाय. आता उन्हात नेलं तर उद्या त्याच्याकडं रंगवायला कोण येईल?"