गफूरभाईंना न पटलेले स्टँड

गफूरभाई आमच्याकडे आले की डावीकडच्या खुर्चीवर बसत. वणीच्या आमच्या बैठकीत पंखा उजव्या कोपऱ्यात. उजव्या खुर्चीला थेट वारा, आणि डावी खुर्ची दाराशी, उन्हाच्या झळेत. तरी भर मे महिन्यातसुद्धा ते उजव्या खुर्चीत बसले नाहीत, कारण बाबांचा उजवा कान खाणीच्या वर्कशॉपमध्ये फोरमन असतानाच निकामी झाला होता. "फोरमनच्या उजव्या अंगानं बोलणं म्हंजे भिंतीशी बोलणं," असं म्हणून ते बाहीनं घाम पुसत आणि बाबांच्या डाव्या कानाशी वाकून तासन्‌तास गप्पा मारत. मला हा माणूस आवडायला लागला तो त्या खुर्चीमुळे. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढे रागाच्या भरात राहून जाईल.

राजूरच्या रस्त्याला त्यांचं गॅरेज होतं. समोरून दिवसभर कोळशाचे ट्रक जायचे, त्यामुळे तिथली प्रत्येक वस्तू काळी, गफूरभाईंच्या पांढऱ्या दाढीसकट. कुठलाही लोखंडी तुकडा हातात आला की ते बोटाच्या पेरानं टकटक करून कानाजवळ नेत. "लोखंड बोलते, मास्तरीण. आयकणारा पायजे." मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत सहायक आहे, शिकवत नाही, हे मी त्यांना शंभरदा सांगितलं असेल. पण एकदा ठेवलेलं नाव बदलायची त्यांना सवय नव्हती. बाबा निवृत्त होऊन पंधरा वर्षं झाली तरी फोरमनच होते.

आमच्या शेडमध्ये बाबांची लाल गाडी होती. विलायती, दोनच माणसांची, छप्पर नसलेली. खाणीतला एक साहेब बदली होऊन जाताना बाबांना देऊन गेला होता. मी लहान असताना बाबा मला तिच्यातून नेरला आत्याकडे घेऊन जायचे, आणि वाटेत शेतातली माणसं निंदण सोडून बांधावर येऊन उभी राहायची. मग इंजिन जाम झालं आणि गाडी वीस वर्षं ताडपत्रीखाली गेली. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी सांगितलं की बाबांचा डावा कानही जाणार, फार तर वर्षभर. बाबांनी त्यावर एकच मागणं केलं. "मले एकडाव तिचा आवाज आयकव. मंग कान गेला त जाऊ दे."

मी तडक गफूरभाईंकडे गेले. गाडी पाहून त्यांचा चेहरा उजळला, आणि त्याच दिवशी त्यांनी ती ओढून आपल्या गॅरेजात नेली. आपल्याकडे इंजिन काढलं की ट्रकच्या जुन्या टायरवर टेकवतात आणि तसंच खोलतात. गफूरभाईंनी आयुष्यभर तेच केलं होतं. पण या वेळी तेच म्हणाले, "हे टायरवरचं काम नाही. याले स्टँड पायजे. इंजिन मागून बोल्टानं धरलं, का पाहिजे तसं फिरवता येते, उलटं करून पोट पाहता येते. तू स्टँड पाह्य. मी तोवर इंजिन काढून ठेवतो." ते त्यांनी दुसऱ्याच दिवशी काढलं, मी कॉलेजात असताना, एकट्यानं. संध्याकाळी मी घरी पोचले तर ते आमच्याकडून निघतच होते. चहाचा कप अर्धा भरलेला तसाच होता. "काढलं इंजिन. टायरवर ठेवलं हाय. हलवू नको कोणी," एवढंच बोलून गेले.

मग सुरू झालं ते स्टँड निवडणं. माझ्या लग्नासाठीसुद्धा आमच्या घरात एवढी पारख झाली नव्हती. मी मोबाईलवर तीन चाकांचा एक स्टँड दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून तो बारकाईनं पाहिला. "तीन पायाचा? एक चाक खड्ड्यात गेलं का इंजिन तोंडावर पडन." मी नागपुरात चार चाकांचा पाहून त्याच्या पाइपाचा तुकडा घेऊन आले, तर गफूरभाई त्यावर टकटक करून म्हणाले, "पोचट हाय." तिसऱ्याचं डोकं नुसतं खिळीवर फिरणारं होतं. "खिळी निसटली त इंजिन गरकन फिरन, हात घेऊन जाईन तुह्या." राजूरच्या वेल्डरनं भंगारातल्या लोखंडी चॅनेलचा बनवून देतो म्हटलं. गफूरभाईंनी स्वतः खडूनं फरशीवर त्याचा नकाशा काढला आणि आठवड्यानं स्वतःच पायानं पुसला. इंजिनाच्या मागची भोकं इंची मापाची, ती त्याच्याकडून जुळायची नाहीत, म्हणाले.

यातली प्रत्येक खोट खरी होती. मला अजून खुपतं ते हेच. मी घरी येऊन पुस्तकं चाळायची, व्हिडिओ बघायची आणि दर वेळी कबूल करायची की म्हातारा बरोबर बोलतो. कौतुकानं सगळ्यांना सांगत सुटायची, असा कारागीर आता सापडत नाही म्हणून. यात पाच महिने गेले. बाबा आता दुसऱ्यांदा विचारायला लागले होते, काय म्हटलं म्हणून. गफूरभाईंना डाव्या कानाशीसुद्धा ओरडावं लागायचं. ओरडता ओरडता ते माझ्याकडे बघायचे आणि नजर फिरवायचे. मला वाटायचं, मित्राचं दुःख बघवत नाही बिचाऱ्याला. काय अक्कल माझी.

शेवटी मी कोणालाच न विचारता चार चाकांचा, जाड पाइपाचा, गिअरवर हळूहळू फिरणारा स्टँड मागवला. गफूरभाईंनी काढलेली एकही खोट त्यात नव्हती. पुतणीच्या लग्नासाठी ते नेरला गेले होते. वाटलं, परत आल्यावर खूश होतील. गाडी तिथे गेल्यापासून गॅरेजची एक किल्ली माझ्याकडे असायचीच. राजूरच्या वेल्डरला बोलावलं, चेनकप्पीनं इंजिन उचललं, मागच्या चार भोकांत बोल्ट आवळले आणि मी हँडल फिरवायला घेतलं. लोण्यासारखं फिरलं. इंजिनाचं पोट वर आलं, तेव्हा वीस वर्षांच्या तेलकट मळात वीतभर जागा तेवढी नवीकोरी काळी दिसली. मी स्क्रूड्रायव्हरनं खरवडलं. रंगाखाली पुट्टी निघाली आणि पुट्टीखाली ब्लॉकला गेलेला तडा. वेल्डर वाकून बघत म्हणाला, "ताई, हे आदळलं हाय. अन् आदळल्यावर झाकलं हाय."

दुसऱ्या दिवशी गफूरभाई लग्नाचा मिठाईचा पुडा घेऊन आले. इंजिन उलटं दिसलं आणि ते दारातच थांबले. पुडा त्यांनी सावकाश बाकावर ठेवला.

"चेन सटकली," ते म्हणाले. "एक कोपरा टायरच्या भाईर, सिमेंटच्या कट्ट्यावर बसला. पंचावन्न वर्षांत माह्या हातून इंजिन पडलं नव्हतं."

"मले काहून नाही सांगतलं?" मी चिडले की मलाही वऱ्हाडीच सुचते. "पाच महिने स्टँडले नावं ठेवून राह्यले तुम्ही. कायले? इंजिन उलटं होऊ नये म्हणून?"

 ते खाली बघत म्हणाले, "तुह्या बापाले सांगतलं होतं. त्याच दिवशी. घरी येऊन सांगतलं. खुदाची कसम."

 मी किल्ली बाकावर टाकली आणि दोन दिवसांत गाडी, इंजिन, स्टँड सगळं तिथून उचललं. त्यांच्या लबाडीनं मी पोळले होतेच, पण त्या एका वाक्यानं जास्त. बाबांना माहीत होतं, आणि ते गप्प बसले. मित्राची इज्जत राखायला मला पाच महिने येड्यासारखं नागपूरला पळू दिलं. बाबांना विचारायचं तर ओरडून विचारावं लागलं असतं, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं. मी विचारलं नाही, लिहूनसुद्धा नाही. त्यांच्याशी कामापुरतं बोलायला लागले, तेही पाटीवर लिहून. वर्षभर.

तडा नागपूरला सांधून घेतला. त्यात दिवाळी गेली, आणि दिवाळीतच बाबांचा डावा कान पूर्ण गेला. फेब्रुवारीत शेडमध्ये गाडी सुरू झाली. तोच आवाज, नेरच्या रस्त्यावरचा, थोडा घोगरा. शेजारी धावत आले. बाबांनी बॉनेटवर तळहात ठेवला आणि माझ्याकडे बघून विचारलं, "चालू झाली का?" मी मान हलवली. ते हसले. मला त्या हसण्याचाही राग आला. तुम्ही तोंड उघडलं असतं तर हे ऐकू आलं असतं, असं मनात म्हणत मी इंजिन बंद केलं.

त्या उन्हाळ्यात गफूरभाई गेले. मी गेले त्यांच्या घरी. त्यांची बायको माझा हात धरून म्हणाली, "फोरमनसाब को बहुत याद करते थे. बोलते थे, किस मुँह से जाऊँ." 

घरी आले. बाबा नेहमीच्या जागी बसले होते, दोन्ही खुर्च्या रिकाम्या. मी पाटी घेतली आणि वर्षभर गिळलेलं एकदाचं लिहिलं. इंजिन पडल्याचं गफूरभाईंनी तुम्हाला त्याच दिवशी सांगितलं होतं. तुम्ही मला का नाही सांगितलं?

बाबांनी वाचलं. पुन्हा वाचलं. त्यांना तडा गेल्याचंच माहीत नव्हतं, हे मला त्यांच्या तोंडावर दिसलं.  मग उजवीकडच्या खुर्चीकडे वळून म्हणाले, "सांगतलं असन. त्या दिवशी तो इकडे बसला होता. एवढ्या वर्षांत एकच डाव."

आणि थोड्या वेळानं, बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात, "मले वाटलं, पंख्यासाठी बसला असन."