आजींनी मला ताराक्का म्हटलं

मित्रहो, मालिकेतली खाष्ट सासू म्हणून तुम्ही मला ओळखता. नाटकाचे दौरे सांभाळून मी एका मदतगटातर्फे स्मृतिभ्रंश झालेल्यांच्या घरच्यांनाही भेटते. आज दुपारी सांगलीत, विश्रामबागेत अशाच एका घरी गेले होते.

नव्वदी ओलांडलेल्या आजी कित्येक महिने गप्प होत्या. मला पाहताच त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं.

"ताराक्का, पोलिस गेलं का गं?"

त्यांची लेक कुजबुजली, "तारामावशी, आईची थोरली बहीण. कधीच वारली. बेचाळीसच्या चळवळीत रहिमतपूरला त्यांच्या घरी भूमिगत कार्यकर्ते लपायचे."

आजारी माणसाच्या आठवणीशी वाद घालू नका, असं आम्हीच सगळ्यांना सांगतो. म्हणून मी म्हणाले, "गेले गं."

"तुजं बाळ रडू न्हाई म्हणून म्या त्येचं तोंड दाबून धरलं. आता हालंना झालंय."

त्यांचा दुसरा तळहात उशीवर दाबलेला होता.

लेक पांढरीफटक पडली. "मावशीला मूलच नव्हतं..."

आजी माझ्याकडे बघत राहिल्या.

"झोपलंय गं," मी म्हणाले. "आत्ताच दूध प्यालं."

आजींनी हात सैल सोडला आणि डोळे मिटले. लेक मला दारापर्यंत सोडायला आली.

तुम्ही काय उत्तर दिलं असतं?