जमीन जाग्यावर येऊ दे

"थांबजा ताई, जमीन जाग्यावर येऊ दे," असं म्हणून ती विजेच्या खांबाला तळहात टेकवायची आणि डोळे मिटून घ्यायची. गिऱ्हाईक समोर उभं, तराजूत अर्धवट शेवंती, आणि ही आपली खांब धरून बसलेली. देवळात जाताना तुम्ही तिला पाहिली असती तर म्हणाला असता, बाईला डुलकी लागली.

डुलकी कुठली! चक्कर यायची तिला. अमरावतीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी देवीचं देऊळ आहे. त्याच्यासमोर तिचं फुलांचं दुकान, म्हणजे एक पोतं आणि चार टोपल्या. तिच्या पाठीमागेच माझं शिवणकामाचं दुकान. मान जरा वर झाली की तिच्याभोवती सगळं गरगरायचं, उलटी व्हायची, मग ती माझ्याकडे कापडाच्या गठ्ठ्याला टेकून पडून राहायची. बिघाड कानात आहे आणि तो असा अधूनमधून उठणारच, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्यात थायरॉइड, ते वेगळंच.

थायरॉइडची गोळी ती सकाळी टोपल्या उतरवल्या की माझ्या पायरीवर बसून घ्यायची. उपाशीपोटी, आणि वर अर्धा तास चहा नाही. चहावाचून जीव जाणारी बाई ती! "हे गोळी म्हंजे सासू हाय ताई. इचं झाल्यावरच आपल्याले चहा," म्हणायची, आणि आम्ही दोघी त्या अर्ध्या तासात जगभरच्या सासवा काढायचो.

घरी मात्र तिला कोणी आजारी मानत नव्हतं. नवरा कधीच गेलेला. बडनेऱ्याला दीर-जावेच्या घरात राहायची, फुलंही त्यांच्याच मळ्यातली. मळ्यात तण निंदायला यायला नको म्हणून ही आडवी पडते, असं जाऊ चारचौघांत सांगायची. एवढी भरलेली बाई, हिला काय धाड भरली, म्हणायची. अंगाची ती सूज आजारानंच आलेली, पण ऐकतो कोण.

मग ती नवरात्रातली अष्टमी आली. आरती चाललेली, ढोल-झांजांनी कान बसलेले. कुणीतरी हार मागितला म्हणून तिनं मान वर केली आणि चक्कर आली. ती डोलायला लागली, डोळे फिरले. बायांना वाटलं, अंगात आलं. झालं! कपाळभर कुंकू, गळ्यात तिचेच हार, ओटीत नारळ. एकीनं तर पोराचं लग्न कधी जमेल तेही विचारून घेतलं. ती बिचारी "मले धरा, मले धरा" म्हणून राहिली होती आणि बाया पाया पडून राहिल्या होत्या. मी कात्री टाकून धावले, पण गर्दीतून वाट मिळेना. शेवटी ती भडाभडा ओकली, तेव्हा कुठे बाया मागे सरल्या.

त्या दिवसापासून जाऊ एकदम मऊ झाली. घरात देवी आली म्हटल्यावर! पण अंगात देवीचं वारं असताना डॉक्टरच्या गोळ्या चालत नाहीत, असं तिनंच ठरवलं आणि ओटीतल्या त्या नारळावर हात ठेवून हिच्याकडून कबूल करून घेतलं. मी म्हटलं, गोळ्या माझ्या मशीनच्या खणात ठेव, इथं घे, कोणाला कळणार नाही. तर म्हणते, "देवीच्या नारळावर हात ठेवला ना ताई."

मी चिडले. वाट्टेल ते बोलले. ती खाली मान घालून गजरा ओवत राहिली. मग हळूच म्हणाली, "पयले म्हणत, नाटक करते. आता म्हणतात, देवी हाय. बिमार हाय, असं कोणीच म्हणत नाई."

मला रडूच आलं.

संक्रांतीपर्यंत तिचा चेहरा सुजला, आवाज घोगरा झाला, हातातून दोरा सुटायला लागला. मी तिच्या अकोल्याच्या लेकीला फोन केला. लेक आली, जावेशी कडाकडा भांडली आणि आईला घेऊन गेली. तिकडे गोळी पुन्हा सुरू झाली. फोनवर आवाज पहिल्यासारखा वाटायला लागला. म्हणाली, "अठी चक्कर आली का नात हात धरून बसते ताई. बोलत नाई काई, नुसती धरते." मला इतकं बरं वाटलं होतं!

उन्हाळ्यात एका दुपारी लेक कामावर, नात शाळेत, आणि तिला न्हाणीत चक्कर आली. डोकं आपटलं, त्यातच ती गेली. धरायला घरात कोणी नव्हतं.

तिच्या जागेवर आता दुसरी फुलवाली बसते. त्या खांबाला मात्र बाया हळद-कुंकू लावायला लागल्यात. देवीनं धरलेला खांब म्हणे! माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. रोज दुकान उघडलं की ओलं फडकं घेऊन मी तो पुसून काढते. संध्याकाळपर्यंत कुंकू पुन्हा लागलेलं असतं, नेमकं तिचा तळहात टेकायचा तिथंच.