कासिल्दाने राखलेली जागा

कासिल्दा एरेदिया आमच्या रेल्वेच्या डब्याची राणी होती, आणि राणीचं तोंड भलतंच फाटकं होतं. शाळेच्या स्वयंपाकघरात तीनशे मुलांना जेवू घालणारी बाई. तिच्यापुढे मुख्याध्यापकसुद्धा दबून बोलायचे. माद्रिदच्या अतोचा स्टेशनला जाणाऱ्या सकाळच्या दोन मजली गाडीत आम्ही चौघी खालच्या मजल्यावर, ठरलेल्या जागी बसायचो. ग्रेगोरिया सगळ्यांत आधी अल्कालाला चढायची आणि बाकीच्यांसाठी बॅगा टाकून जागा धरायची. कासिल्दा आणि मी सांता एउखेनियाला चढायचो, बेनिता त्याच्या पुढच्या स्टेशनावर. इमारतींचे जिने पुसून पुसून बेनिताचे पाय सुजायचे, म्हणून खिडकी तिची. तिथे कोणी टेकलं की कासिल्दा त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची.

मार्चमधल्या त्या गुरुवारी आम्ही चढलो तर ग्रेगोरिया जागेवर नव्हती. खिडकीच्या सीटवर निळी मोठी बॅग मात्र होती. ग्रेगोरिया हल्ली मुलाची खेळाची बॅग वापरायची.

"वर बहिणीशी चकाट्या पिटत बसली असेल बया," कासिल्दा म्हणाली.

चाळिशीचा एक रुमानियन गवंडी रोज दाराशी उभा असायचा. दोरिन हे त्याचं नाव आम्हाला नंतर कळलं. त्याने ती बॅग उचलून पाहिली.

"बाई, ही कोणाची? फार जड आहे. गार्डला सांगू का?"

"ठेव खाली! आमच्या मैत्रिणीची आहे. स्वतःला बसायला मिळावं म्हणून गार्ड बोलावतोस होय? रोज नवी शक्कल तुम्हा लोकांची!"

आजूबाजूचे हसले. मीही हसले. त्याचा चेहरा लाल झाला. बॅग सीटखाली सरकवून तो दाराशी परत गेला.

पुढच्या स्टेशनावर बेनिता धापा टाकत आली. "बस गं म्हातारे," कासिल्दाने तिला खिडकीशी दामटलं. "तुझ्यापायी सकाळी सकाळी भांडले मी. थांब, त्या ग्रेगोरियाला खाली ओढून आणते." ती जिना चढायला लागली. मी तिच्या मागे गेले.

गाडी एल पोसो स्टेशनात थांबत होती. आधी उजेड दिसला, मग कोणीतरी पायऱ्यांवरून उचलून मला भिंतीवर आपटलं. आवाज ऐकल्याचं मला आठवत नाही. कानातून रक्त येत होतं. वरचा मजला मधोमध फाटून खाली आला होता, आणि त्याच्या पत्र्यात माणसं अडकली होती. एका पुरुषाचा कोट पेटला होता आणि तो शांतपणे बसून होता, कारण त्याला डोकं उरलं नव्हतं. शेजारच्या डब्यात दुसरा स्फोट झाला तेव्हा जे पळत होते तेही पडले.

कासिल्दाचा डावा हात कोपरापासून लोंबत होता. तशीच ती खाली उतरली, माणसांवरून रांगत. दाराशी दोरिनने तिचा घोटा धरला. त्याच्या पायाचा गुडघ्याखाली चेंदामेंदा झाला होता. तिने एका हाताने त्याचा पट्टा ओढला, दातात धरून त्याची मांडी आवळली आणि पुढे गेली. बेनिता सापडली. कमरेखाली ती नव्हतीच. डोळे उघडे होते. कासिल्दाने कोट तिच्यावर घातला आणि तिला शिव्या देऊ लागली, ऊठ म्हणून. शेवटी दोन पोलिसांनी तिला ओढून बाहेर काढलं.

संध्याकाळी इस्पितळात ग्रेगोरियाचा फोन आला. "मी आज आलेच नव्हते गं. कालपासून ताप आहे." कासिल्दाने ऐकलं आणि फोन माझ्या हातात दिला.

पुढे तीन वर्षं बेनिताचा नवरा एलादियो दर रविवारी कासिल्दाकडे जेवायला यायचा. "शेवटपर्यंत तू तिच्याजवळ होतीस," असं म्हणायचा. ती त्याला चण्याचा रस्सा वाढायची आणि गप्प राहायची. कासिल्दा आणि गप्प! मला ते बघवायचं नाही. पण बोलत मीही नव्हते.

बॉम्ब ठेवणाऱ्यांवर खटला उभा राहिला. दोरिन लाकडासारख्या ताठ पायाने साक्षीला आला. बॅग पाहिली होती का, असं वकिलांनी विचारलं.

"पाहिली. जड होती. मी कोणाला विचारलं नाही. चूक माझी."

आमच्या बाजूला त्याने पाहिलंही नाही. मला हायसं वाटलं, आणि त्याची लाज मला आजही वाटते.

कासिल्दा उठली. "खोटं बोलतोय तो! मला विचारलं होतं त्याने. मी त्याला हाकललं. माझ्या हाताने बेनिताला त्या बॅगेवर बसवलं मी!"

न्यायाधीशांनी खाली बसायला सांगितलं. ती बसली नाही. आमच्या पुढच्या रांगेत एलादियो होता. त्याने मागे वळून तिच्याकडे बराच वेळ पाहिलं, मग टोपी उचलली आणि बाहेर निघून गेला. त्या रविवारी कासिल्दाने रस्सा केला. तो आला नाही.