भीमेकाठी नेलेलं बर्फाचं यंत्र

आमचं घर सोलापूरच्या शुक्रवार पेठेत. मामंजी आणि त्यांचे धाकटे भाऊ भीमेवरच्या भोयांकडून मासे घेऊन सोलापुरात विकत. बैलगाडी नदीवरून शहरात पोचेपर्यंत उन्हाळ्यात निम्मा माल नासायचा. बर्फ पुण्याहून रेल्वेनं भुशात यायचा. पोतं उघडावं तर ओला भुसाच जास्त. एका वैशाखात गाडीभर मरळ मामंजींना खड्डा करून पुरावी लागली. त्या दिवशी ते जेवले नाहीत. सकाळी भावाला म्हणाले, आता बर्फाचं यंत्रच आणू.

मुंबईच्या कंपनीचा माणूस आला. विजेची मोटर कुठं, बर्फ गोठवायचा मिठाच्या पाण्याचा हौद कुठं, हे त्यानं परसात आखलं आणि विहिरीत दोर सोडून पाणी पाहिलं. बर्फाला लागेल ते वेगळंच, पण यंत्राचे तापणारे नळ गार ठेवायला दिवसभर पाणी ओतावं लागेल, म्हणाला. पाणी पुरेल, असं धाकट्या सासऱ्यांनी परस्पर सांगून टाकलं.

विहीर आमची असली तरी सारी गल्ली तिच्यावर पाणी भरायची. दुसऱ्या दिवशी रहाटावर बायका माझ्याशी बोलेनात. शेवटी शेजारच्या विणकर म्हातारीनं विचारलं, उन्हाळ्यात आम्ही घागर घेऊन कुठं जायचं?

तोवर मी मामंजींसमोर कधी तोंड उघडलं नव्हतं. रात्री वाढताना बोलले, "मामंजी, वैशाखात हिरीचा तळ दिसतोय. यंत्राला पानी दिलं तर गल्लीला न्हाय उरायचं."

यजमानांनी मान खाली घातली. बायकांनी यात पडू नये, असं धाकटे सासरे म्हणाले. पहाटे मामंजी विहिरीच्या कठड्यावर एकटेच बसलेले दिसले. उठले ते ठरवूनच. यंत्र नदीवर न्यायचं.

"नदीवर बर्फ कोन घेनार?" धाकटे सासरे म्हणाले. "सोडावाले हितं, दवाखाना हितं."

"मासा तितं नासाया लागतोय," मामंजी म्हणाले.

तेवढ्यावरून भाऊ वेगळे झाले. मामंजींनी एकट्यानं ऑर्डर दिली. नदीवर वीज नव्हती म्हणून तेलावरच्या इंजिनाची, आणि यंत्रही लहानच.

सुटे भाग रेल्वेनं आले, गाड्यांवरून भीमेकाठी गेले. पहिली लादी निघाली तेव्हा मामंजी तिच्यावर हात ठेवून किती तरी वेळ उभे होते. त्या बर्फातली पहिली वाम मासळी त्यांनी भावाकडे पाठवली. चुलत सासूबाईंनी ती ठेवून घेतली, पण भाऊ यंत्र बघायला आले नाहीत. त्याच हिवाळ्यात ते तापानं गेले.

तेराव्यानंतर मामंजींनी मला विचारलं, "त्यानं खाल्ला व्हता का गं तो मासा?"

मी चुलत सासूबाईंना विचारून आले. धाकट्या सासऱ्यांनी खाल्ला होता, दुसऱ्यांदा मागूनही घेतला होता. बोलले मात्र काही नव्हते. मामंजींनी ऐकून घेतलं, तोंडावरून उपरणं फिरवलं आणि नदीकडे जायला गाडी जुंपली.