थांबून पुन्हा सुरू झालेला गोळीबार

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत मी फोर्टातल्या एका इंग्रजी दैनिकात बातमीदार होतो. त्या दुपारी लालबागच्या एका चाळीत पहिल्या मजल्याच्या गॅलरीत उभा होतो. रस्त्यावर दगडांचा खच पडला होता. पोलिसांनी गोळ्या झाडल्या, जमाव गल्ल्यांत पांगला. चाळीतला एक गिरणी कामगार मांडी फुटून ट्रामच्या रुळांवर पडला.

गोळीबार थांबला. पोलिसांनी बंदुका खाली केल्या. एक शिपाई पाणी प्यायला. दगड मारणारं रस्त्यावर कोणी उरलं नव्हतं. तेव्हा जखमीचा धाकटा भाऊ एका शेजाऱ्याला घेऊन खाटेसह बाहेर गेला. दोघांनी जखमीला खाटेवर घेतलं, खाट उचलली आणि पुन्हा गोळ्या सुटल्या. धाकट्याच्या मानेतून गोळी आरपार गेली. खाट कलंडली, जखमी त्याच्याच अंगावर पडला. शेजाऱ्याने दोघांना एकेक करून जिन्यापर्यंत ओढत आणलं. धाकटा जिन्यातच गेला.

त्याच्या बायकोने त्याचं डोकं मांडीवर घेतलं होतं. लुगडं रक्ताने भिजलं होतं. मी पेपरवाला आहे हे कळल्यावर ती म्हणाली, "दंगल करायला नव्हते गेले. भावाला आणायला गेलेले. तेवढं लिहा."

ऑफिसात मी 'इंटरमिटन्ट फायरिंग' असं लिहिलं. सरकारी पत्रकात 'कंटिन्युअस' होतं. दोन्ही सारखंच, असं म्हणत मुख्य उपसंपादक पत्रकातला शब्द घालू लागले. मी सांगितलं, कंटिन्युअस म्हणजे मध्ये खंड नाही. मग मेलेला माणूस जमावातला ठरतो. इंटरमिटन्ट म्हणजे थांबून पुन्हा सुरू झालेला.

"किती वेळ थांबला होता रे?"

"घरातून खाट बाहेर काढायला लागतो तेवढा."

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. शब्द तसाच गेला, त्याखाली खाटेची हकीकत दोन ओळींत.

दुसऱ्या दिवशी अंक घेऊन चाळीत गेलो. प्रेत अजून ताब्यात मिळालं नव्हतं. मी धाकट्याच्या बायकोला बातमी मराठीत सांगितली. तिने विचारलं, गोळीबार थांबल्यावर बाहेर गेले हे आलंय का. आलंय, मी म्हणालो.

"मग परत का मारली, ते?"

ते आलं नव्हतं. पोलिसांना मी विचारलं होतं, त्यांनी उत्तर दिलं नव्हतं. तिला तसं सांगितलं.

"मग उत्तर दिलं नाही, हे लिहा."

संध्याकाळी मी ते वाक्य लिहिलं. ते छापलं गेलं नाही.