सरळ कापलेला कॅट

जादूगारासाठी बनवलेला पत्त्यांचा कॅट मी कटिंग मशीनवर घातला आणि सरळ कापून आणला. मला कोणी सांगितलं नव्हतं. वाकडा दिसला, कापला.

माझी बाजू मांडायची तर, मी तुर्भ्याला एका छपाई कारखान्यात कटिंग बघतो. औषधांची खोकी, बाटल्यांची लेबलं असला माल. वाकडी कड दिसली की माझा हात पट्टीकडे जातो. हॉटेलात मेन्यूकार्ड तिरकं कापलेलं असेल तर मला ऑर्डर सुचत नाही. बायको म्हणते हा आजार आहे. मी त्याला क्वालिटी कंट्रोल म्हणतो.

पत्ते बनवणारे काका सानपाड्याच्या जुन्या गावात राहायचे, आमच्या सोसायटीच्या मागच्या बाजूला. तरुणपणी ते मुंबईत एका बाइंडिंगवाल्याकडे कामाला होते. तिथे एका जादूगाराने फाटलेला पत्ता जोडून मागितला. काकांनी तो असा जोडला की फाटला कुठे होता ते जादूगारालाच सापडेना. तिथून सुरुवात झाली. मग दोन्ही बाजूंना राजा असलेला पत्ता, दोन्ही बाजूंना नुसती नक्षी असलेला पत्ता, असं काय काय ते बनवायला लागले. पत्ता पाण्यात भिजवायचा, त्याचे पापुद्रे सोडवायचे आणि एकाचा पापुद्रा दुसऱ्याला चिकटवायचा. ओळख झाल्यावर ते आमच्या कारखान्यात कागदाच्या उरलेल्या पट्ट्या मागायला यायचे. कुठला पत्ता कशासाठी, हे मात्र कधी बोलायचे नाहीत. विचारलं की त्यांना नेमकं ऐकू यायचं नाही.

त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं, त्याच्या आदल्या दिवशी त्यांनी मला बोलावलं. हातात वर्तमानपत्रात गुंडाळून दोऱ्याने बांधलेला कॅट दिला.

“तू लेबलं घेऊन जासईला जातोस ना, कंटेनर यार्डात? तिथं गावात एक जादूगार हाय, माझा जुना दोस्त. त्याला दे. उघडू नको.”

मी कारखान्यात पोचल्याबरोबर उघडला. छपाईवाल्याच्या हातात बांधलेलं पुडकं देऊन ‘उघडू नको’ म्हणणं हीच मुळात चूक आहे, पण ती त्यांची. माझी पुढची. कॅट नीट जुळवून टेबलावर उभा केला तर एक टोक रुंद आणि दुसरं अरुंद. स्टीलची पट्टी लावली. फरक चांगला दिसण्याइतका. मला गलबलून आलं. आयुष्यभर बारीक काम केलेला माणूस, डोळ्यांनी दगा दिला आणि शेवटी हात असा तिरका गेला. आता हे जासईला पोचलं तर काय अब्रू राहील त्यांची? मी मशीन चालू केलं. दोन मिनिटांत बावन्न पत्ते काटकोनात. कोपरेसुद्धा पुन्हा गोल करून घेतले. पुडकं पहिल्यासारखं बांधलं. दिवसभर मला स्वतःचं कौतुक वाटत होतं.

दोन दिवसांनी लेबलं घेऊन जासईला गेलो, तेव्हा जादूगार ओट्यावर बसले होते. उंच माणूस, अंगात बनियन, उजवा हात मांडीवर ठेवलेला. दोन वर्षांपूर्वी त्यांना लकवा झाला होता आणि तो हात अजून सावकाश चालायचा. त्यांनी पुडकं सोडलं, कॅट डाव्या हातात धरला आणि उजव्या अंगठ्याने कड चाचपली. पुन्हा चाचपली. मग अर्धा कॅट उलटा फिरवून मिसळला आणि परत चाचपली.

“सानपाड्याच्या दोस्तानं बनवला हा?”

“हो. जरा वाकडा होता. मी सरळ करून आणला.”

त्यांनी कॅट खाली ठेवला. चहा घेऊन आलेल्या त्यांच्या बायकोने विचारलं, “काय झालं?”

“काय नाय,” ते म्हणाले. “ह्या सायबांनी जादू तासून टाकली.”

मग त्यांनी मला समजावलं, लहान मुलाला समजावतात तसं. पत्ता एका टोकाला किंचित अरुंद असतो. सगळे पत्ते एकाच दिशेने लावले की काही कळत नाही. समोरच्याने एक पत्ता ओढला की तो लोकांना दाखवत असताना जादूगार हातातला कॅट गुपचूप फिरवतो. पत्ता परत आत जातो तो उलटा होऊन. मग कितीही पिसा, त्याचं रुंद टोक कडेला अंगठ्याला लागतं. त्यांच्या बधिर अंगठ्याला लागावं म्हणून काकांनी हा उतार नेहमीपेक्षा दुप्पट ठेवला होता.

“गुरुवारी पुतनीची हळद हाय,” ते म्हणाले. “मांडवात एक खेळ करीन म्हटलं. गावातली मानसं माझ्या तोंडावर बोलतात, ‘काय जादू करायचे हे.’ मी इथंच बसलेला असतो.”

चहाचा कप तसाच ठेवला. मी निघालो तो थेट सानपाड्याला.

ऑपरेशन झालेले काका काळा चष्मा लावून पलंगावर बसले होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, “मशीनला पातं नवीन होतं का?”

“हो.”

“तरीच तो पुना पुना अंगठा लावीत बसला. कड चांगली आली असंल.”

डॉक्टरांनी त्यांना मान खाली घालायची नाही असं बजावलं होतं आणि काकू डोळ्यांत घालायच्या थेंबांची बाटली घेऊन दारातच ठाण मांडून होत्या. म्हणजे कापणार मी. काकांनी फडताळातून चार नवे कॅट आणि एक सागवानी ठोकळा काढायला लावला. त्याला एका बाजूला पितळेची पट्टी होती, इतकी कमी तिरकी बसवलेली की मला ती सरळच दिसली. पत्ता तिला टेकवायचा आणि चामडं कापायच्या रापीने एका दमात कड उतरवायची. मग पालथा करून दुसरी कड. एकेक पत्ता, बावन्न वेळा.

पहिला कॅट मी संपवला. काकांनी न बघता अंगठा फिरवला आणि बाजूला टाकला. “सरळ हाय.”

“कसं शक्य आहे? ठोकळाच तिरका आहे ना.”

“तू पत्ता पट्टीला टेकवतच नाय. तुझा हात त्याला गुपचूप सरळ करतो.”

तसंच होतं. मी लक्ष ठेवून पाहिलं तर रापी खाली येताना डाव्या हाताचं बोट पत्त्याला हळूच ढोसत होतं. इतक्या वर्षांची नोकरी बोटात जाऊन बसली होती. दुसरा कॅट वाया गेला. तिसऱ्यात चाळीस पत्ते जमले आणि बाराजण सुधारले गेले. काकू दारातून म्हणाल्या, “यांना कामावर ठेवलं कोनी?” शेवटी काकांनी माझ्या त्या बोटाला चिकटपट्टीने शेजारच्या बोटाशी बांधून टाकलं. बुधवारी संध्याकाळी चौथा कॅट त्यांनी तीनदा चाचपला आणि वर्तमानपत्रात गुंडाळायला सांगितला.

गुरुवारी मी काकांना रिक्षातून जासईला घेऊन गेलो. मांडवात डीजे दहा मिनिटं बंद करायला लावला होता, त्यामुळे पोरं आधीच नाराज. जादूगार कोट घालून उभे राहिले. पुढच्याच रांगेत मी होतो, त्यांनी मलाच बोलावलं. मी पत्ता ओढला, बदाम सत्ती. सगळ्यांना दाखवला. तेवढ्यात त्यांच्या त्या सावकाश हाताकडे लक्ष गेलं आणि वाटलं, यांनी कॅट फिरवला का? मला तर काही दिसलं नाही. विसरले वाटतं. नाहीतर हात वळला नसेल. माणसाची लाज राखावी म्हणून मी माझ्या हातातला पत्ताच अलगद फिरवला आणि आत सारला.

त्यांनी अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला. अर्थातच त्यांनी कॅट फिरवला होता, इतका सफाईने की मला दिसलाच नव्हता, आणि मी पत्ता फिरवून तो पुन्हा सुलट केला होता. पत्ता काही सापडेना. मागून कोणीतरी मायेने म्हणालं, “ऱ्हाऊ दे दादा, बस आता.”

त्यांनी आधी माझ्या हाताकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे. मग माइक जवळ घेतला. “ह्या पाहुन्यांचा पत्ता लाजरा हाय. आजी, तुमी काडा.”

नवरीच्या आजीने पत्ता काढला, छातीशी धरून दोघी-तिघींना दाखवला आणि परत सारला. नवरीच्या भावाने कॅट चार वेळा पिसला. जादूगारांनी तो पाठीमागे धरला आणि उजव्या हाताने, त्या बधिर हाताने, एकच पत्ता ओढून पुढे आणला. किलवरची राणी. आजी पदर तोंडाला लावून खुर्चीतच मागे सरकली. शिट्ट्या सुरू झाल्या. ज्या पोरांना डीजे हवा होता तीच आता “अजून एक” म्हणून ओरडत होती.

मी काकांच्या शेजारी येऊन बसलो. काळ्या चष्म्यामुळे त्यांना फक्त गोंगाट कळला होता आणि त्यांचा जीव कॅटमध्ये अडकला होता.

“पयल्यांदा काय झालं? कापायला चुकलो का आपन?”

“नाही. कॅट बरोबर होता. मीच पत्ता फिरवला.”

“कशाला?”

“म्हटलं ते विसरले असतील.”

काकांनी चष्मा नाकावर नीट बसवला. तिकडे ताटं मांडल्याचा आवाज आला.

“जेवाण सुरू झालं वाटतं,” ते म्हणाले. “जा, जेवून घे. आनि तिथं कोनाला मदत करू नको.”